हौदाचा सामू

कॅलिब्रेशन नाकारलं, असं पडद्यावर आलं तेव्हा राजेश्रीच्या एका हातात प्रोब होता आणि दुसऱ्या हातात बफरच्या द्रावणाची बाटली. तिला आधी वाटलं, आपण वाचायला चुकलो. तिनं चष्मा ओढणीला पुसला. लाल पट्टी तशीच होती आणि तिच्याखाली बारीक अक्षरांत कारण दिलं होतं: नवा मध्यबिंदू जुन्यापेक्षा एकोणसाठ मिलिव्होल्टनं वेगळा आहे, एवढा फरक मान्य नाही, जोडणी तपासा. मे महिन्यातले सकाळचे साडेदहा वाजत होते आणि जिंतूर रोडवरच्या त्या मत्स्य केंद्राचे पत्रे आत्ताच तापून तडतडायला लागले होते. चार गोल टाक्या धुऊन नव्यानं भरल्या होत्या. पाणी हौदातून टाक्यांत आणि टाक्यांतून गाळणीवाटे परत हौदात फिरत होतं, पण आत मासे नव्हते. चिलापी माशांचं नवं बीज शनिवारी येणार होतं, आणि त्याआधी हौदाचा सामू मोजणारी ही यंत्रणा सुरू व्हायला हवी होती. सामू म्हणजे पाणी आम्लाकडे झुकलंय की चुन्याकडे ते सांगणारा आकडा. सात म्हणजे मधोमध. प्रोब म्हणजे काचेच्या टोकाची बोटाएवढी कांडी. ती पाण्यात बुडाली की बारीकसा विद्युतदाब कळवते, आणि त्या दाबावरून सामूचा आकडा काढायचं काम तळहाताएवढ्या कॉम्प्युटरमधलं सॉफ्टवेअर करतं. कांडी जुनी होत जाते, तिच्यावर थर बसतो, म्हणून महिन्यातून एकदा तिला नेमक्या सात सामूच्या द्रावणात धरायचं आणि सांगायचं की हे सात, हे लक्षात ठेव. यालाच कॅलिब्रेशन म्हणायचं, आणि सातच्या त्या दाबाला मध्यबिंदू. एवढंच काम. राजेश्रीनं ते दोन वर्षांत वीस-बावीस वेळा तरी केलं असेल. यंत्रानं नाही म्हटलं, असं कधी झालं नव्हतं.

चीड यायला हवी होती, ती आली नाही. तिनं कांडी धुतली, मऊ कागदानं टिपली, पुन्हा बाटलीत धरली आणि पुन्हा बटण दाबलं. नाकारलं. बाटली जुनी असेल म्हणून पुडी फोडून डिस्टिल्ड पाण्यात नवं द्रावण केलं, ते पूर्ण विरघळेपर्यंत खुर्चीत बसून राहिली. नाकारलं. सॉफ्टवेअर फुकटचं होतं. जगभरातली माणसं आपापल्या फावल्या वेळात ते लिहायची, दुरुस्त करायची आणि कुणालाही घेऊ द्यायची. दोन वर्षांपूर्वी तिनंच ते इथं बसवलं होतं आणि त्या दिवसापासून हे केंद्र चालवणाऱ्या शेतकरी कंपनीचे चेअरमन भुजंगराव आल्या-गेल्या पाहुण्यांना तिची ओळख ‘आमच्या सायंटिस्ट’ अशी करून द्यायचे. मागच्या आठवड्यात तिनं त्याची नवी आवृत्ती टाकली होती. त्यात काय काय बदललं त्याची यादी तिनं आता उघडली. सतराव्या क्रमांकाला होतं: नवा मध्यबिंदू जुन्याशी ताडून पाहिला जाईल. म्हणजे जुनी आवृत्ती कधी ताडून पाहतच नव्हती. जे सांगाल ते ती मुकाट लक्षात ठेवायची. तिनं वायर काढून दुसरी लावली. जोडणीच्या टोकाला गंज होता, तो खरवडला. खरवडताना पातं बोटाला लागलं, रक्ताचा थेंब आला, आणि ती त्याच्याकडे दुसऱ्या कुणाच्या बोटाकडे पाहावं तशी पाहत राहिली. हे फेब्रुवारीपासूनच असं होतं. जेवणाला चव होती, पण ती चव कुणीतरी पलीकडच्या खोलीतून सांगत असल्यासारखी पोचायची. ऊन लागायचं, पण अंगावर नाही, कपड्यांवर.

फेब्रुवारीत तिची आई गेली होती. बायनाबाई राणीसावरगावला न्हाणीघरात पाय घसरून पडली आणि आठ दिवसांनी गेली. राजेश्री तेरावा होईपर्यंत गावी होती. भावजय सारखी म्हणायची, “ताई, एकदा रडून घ्या, मोकळं वाटेल,” आणि राजेश्री मान हलवायची. बायका यायच्या, गळ्यात पडायच्या. त्यांच्या पदरांना येणारा धुराचा, भाकरीचा वास तिला नीट कळायचा. कुणाच्या कानात कोणती फुलं आहेत, ते लक्षात राहायचं. मग ती उठून माडीवर जायची आणि मोबाइलवर हौदाचा आलेख उघडायची. परभणीतल्या त्या हौदाची निळी रेघ तिला साठ-सत्तर किलोमीटरवरून दिसायची. ती रेघ म्हणजे त्या दिवसांतली एकच गोष्ट होती जिच्याकडे बघून काही करता येत होतं. रेघ सहा पूर्णांक नऊवर होती. तिला ती साडेसातवर हवी होती. मग ती लिंबाजीला मेसेज करायची: हौदात अर्धा किलो चुन्याची निवळी. दुसऱ्या दिवशी पुन्हा अर्धा किलो. रेघ हळूहळू वर चढायची, आणि खाली ओसरीवर बसलेल्या माणसांचा आवाज वरपर्यंत यायचा, आणि तिला वाटायचं की काहीतरी तरी आपण सांगतो तसं होतंय.

लिंबाजी केंद्रावरचा सगळ्यात जुना माणूस. साठी ओलांडलेला, ताडकळसचा, आठवडाभर केंद्रावरच्या खोलीत राहणारा आणि बाजाराच्या दिवशी गावी जाणारा. त्याचा फोन आला तेव्हा दहावा झाला होता. “बाई, पाणी बिघडायलंय,” तो म्हणाला होता. “हाताच्या भेगांत आग व्हायलीय नुस्ती. मासे वर येऊन तोंड उघडायलेत. चुना लय व्हायलाय बगा.” ती जिन्यात उभी होती. तिनं फोन कानापासून दूर धरून त्याच फोनवर आलेख पाहिला. सात पूर्णांक चार. “पाणी बरोबर आहे, मामा,” ती म्हणाली होती. “हवेचा पंप बघा. आज अजून अर्धा किलो टाका, मग थांबू.” मग तो म्हणाला, “बरं.” तीन मार्चला सकाळी चारही टाक्यांत मासे पोट वर करून तरंगत होते. चार हजारांच्या आसपास. ती आदल्या दिवशीच परभणीत परत आली होती, सकाळी केंद्रावर पोचली तर फाटकापाशीच वास होता. लिंबाजी गुडघाभर पाण्यात उभा राहून जाळीनं मासे काढत होता आणि एकेक करून क्रेटमध्ये ठेवत होता, टाकत नव्हता, ठेवत होता. तिनं त्याला काही विचारलं नाही. ती सरळ पडद्याकडे गेली. सात पूर्णांक पाच. तिला तेव्हा बरं वाटलं होतं हे तिला स्वच्छ आठवतं. पाण्याचा आकडा चांगला होता म्हणजे दोष दुसरीकडे कुठं तरी होता.

दोन दिवसांनी भुजंगरावांनी सभा घेतली. कंपनीचे सभासद शेतकरी पंचवीस-तीस, सतरंज्यांवर बसलेले, आणि लिंबाजी दाराशी, खांद्यावरचा टॉवेल हातात घेऊन. तो एवढंच म्हणाला, “बाईंनं सांगितला तेवढाच टाकला.” कुणीतरी म्हणालं, चुन्याचं पोतं तळाला कसं गेलं मग? कुणीतरी म्हणालं, ह्यांच्या हाती कशाला द्यायचं असलं काम. ‘ह्यांच्या’ या शब्दावर कुणी वळूनही पाहिलं नाही. राजेश्रीनं भिंतीवर आलेख दाखवला, पाणी शेवटपर्यंत साडेसातच्या आसपास होतं असं सांगितलं. आपण एवढंच केलं, असं तिला आठवायचं: आलेख दाखवला आणि बसलो. नंतर भुजंगरावांनी अहवाल लिहायला सांगितला आणि तिनं लिहिला, चुना न विरघळवता एकदम टाकला गेल्याची शक्यता आहे, प्रमाण कामगाराकडून चुकलं असावं. शक्यता आणि असावं. हे दोन शब्द घातल्यामुळे तेव्हा तिला तो कागद सचोटीचा वाटला होता. लिंबाजीला दुसऱ्या दिवसापासून येऊ नको म्हणून सांगितलं. तो टाक्या धुऊनच गेला.

संध्याकाळी खोलीवर येऊन तिनं त्या सॉफ्टवेअरच्या इंटरनेटवरच्या मंडळावर आपली अडचण लिहिली. तिथं जगातलं कुणीही कुणालाही विचारायचं, ज्याला वेळ असेल तो सांगायचा. तिनं सगळं रीतसर लिहिलं: कांडी धुतली, द्रावण नवं केलं, वायर बदलली, टोकं खरवडली, तरी एकोणसाठ मिलिव्होल्टचा फरक येतो. सकाळी केंद्रावर आली तर उत्तर येऊन पडलं होतं. पोर्तुगालमधला कुणी माणूस होता, ट्राउट माशांचं पालन करणारा, त्यानं दोनच ओळी लिहिल्या होत्या. तुमची नवी मोजणी मला बरोबर दिसते. जुनी तपासलीत का? तिनं ते वाचलं आणि उठून हौदाच्या काठावर जाऊन बसली. पंप चालू होता. पाण्यावर पत्र्याच्या भोकातून पडलेला उन्हाचा एक ठिपका हलत होता. जुनी तपासायची, हे तिच्या मनातच आलं नव्हतं. काल दिवसभर तिनं आजच्या कांडीवर, आजच्या द्रावणावर, आजच्या वायरवर संशय घेतला होता, आणि जुन्या आकड्याला हातही लावला नव्हता, कारण त्याच्यावर आधीच काय काय उभं राहिलं होतं. एकोणसाठ मिलिव्होल्ट म्हणजे सामूचा बरोबर एक आकडा, हे तिला एम.एस्सी.पासून पाठ होतं. काल लाल पट्टी वाचली त्याच क्षणी ते डोक्यात आलं असणार. ते तिनं पुढं येऊ दिलं नव्हतं.

कॉम्प्युटर कांडीचा कच्चा दाब दर दोन सेकंदांनी लिहून ठेवतो. त्या नोंदी कधी कुणी उघडत नाही. तिनं शेवटच्या कॅलिब्रेशनची तारीख काढली, सहा फेब्रुवारी, अकरा वाजून बेचाळीस मिनिटं, आणि त्या पाच मिनिटांच्या नोंदी एकाखाली एक लावल्या. सुरुवातीला कांडी हौदात होती, दाब उणे पंचाहत्तर. मग मधे काही विचित्र आकडे. कांडी हवेत होती, धुतली जात होती. मग ती सातच्या द्रावणात बुडाली, आणि दाब शून्याकडे चढायला लागला. उणे त्र्याहत्तर. उणे एकाहत्तर. उणे अडुसष्ट. कांडीवर शेवाळाचा थर होता, ती सावकाश चढत होती. दोन मिनिटं थांबावं लागतं, आकडा हलायचा थांबला की मगच बटण दाबायचं, हे तिनंच लिंबाजीला आणि आणखी दहा जणांना शिकवलं होतं. उणे एकोणसाठ. इथं बटण दाबलं गेलं होतं. वीस सेकंदांत. त्यानंतरही कांडी बिचारी वर चढतच राहिली, उणे पंचावन्न, उणे बावन्न, आणि मग कुणीतरी तिला उचलून परत हौदात टाकलं. अर्ध्या वाटेवरच्या कांडीला राजेश्रीनंच सांगितलं होतं की हे सात, आणि कांडीनं ते लक्षात ठेवलं होतं. त्या दिवसापासून हौदाचा प्रत्येक आकडा खऱ्यापेक्षा एकानं कमी होता. सहा पूर्णांक नऊ म्हणजे सात पूर्णांक नऊ. त्या पाण्याला चुना नकोच होता. आणि साडेसात म्हणजे साडेआठ. त्या सामूला पाण्यातला अमोनिया विष होतो, मासे वर येऊन तोंड उघडतात, आणि एवढ्या चुन्यानं माणसाच्या हाताच्या भेगांत आग होते.

तिनं खुर्ची मागं सरकवली. आपल्याला आता काय होतंय ते पाहायला ती थांबली, जसं आजारी माणसाच्या काखेत थर्मामीटर लावून थांबतात. काही होत नव्हतं. मग एक विचार आला आणि तो येताच जरा ऊब वाटली: आईचा फोन. हो, तेव्हाच भावाचा, बजरंगचा, फोन आला असणार, आई पडली म्हणून. फोन वाजला, हातातलं काम कसंबसं संपवलं, आणि ती धावली. बजरंगचा घाबरलेला आवाज तिला ऐकू यायला लागला, स्टँडकडे नेणारी रिक्षा दिसायला लागली, सगळं जागच्या जागी बसत गेलं. कुणीही समजून घेईल असं ते होतं. लिंबाजीसुद्धा. ती फोनमधल्या जुन्या कॉलची यादी खाली खाली सरकवत गेली. बजरंगचा तो फोन नऊ फेब्रुवारीचा होता, सकाळी सात दहाचा. सहा तारखेला दुपारी दोनपर्यंत एकही फोन नव्हता. मेसेज नव्हता. तिनं फोटो पाहिले, सहा तारखेचा एक होता, खाद्याच्या पोत्यावरच्या लेबलचा. तिनं आठवायचा खूप प्रयत्न केला. भूक लागली असेल. कंटाळा आला असेल. त्या दिवशी आई धडधाकट होती, चुलीपुढं बसून तंबाखू मळत असेल. कुणी पडलं नव्हतं, कुणी गेलं नव्हतं. एक साधा गुरुवार होता, आणि दोन मिनिटं थांबायचं तिथं ती वीस सेकंद थांबली. हे जे अंगात भरून राहिलंय, ते आई गेल्यावर आलं असं ती सगळ्यांना आणि स्वतःला सांगत होती. ते आधीपासूनच होतं की काय? ती गुरुवारीही अशीच होती की काय, कपड्यांवर ऊन घेणारी, हातातल्या वस्तूकडे न बघता ती धरणारी? तिला आठवलं की आई पडायच्या आधी तिनं महिनाभर घरी फोनही केला नव्हता, आणि त्याला काही कारण नव्हतं.

दुपारपर्यंत तिनं पत्र लिहिलं. नोंदींचे कागद जोडले, शक्यता आणि असावं हे शब्द कुठं येत नाहीत ना ते पाहिलं, आणि कार्यालयातल्या सविताकडून दोन प्रतींवर आवकचा शिक्का घेतला. मगच एक प्रत भुजंगरावांच्या टेबलावर ठेवली. त्यांनी ती दोनदा वाचली. वाईट माणूस नव्हता. आईच्या तेराव्याला एवढ्या लांब स्वतःची गाडी काढून आला होता.

“हे कशाला उकरायलात, राजेश्रीताई?” ते म्हणाले. “शनिवारी बीज यायलंय. पाहुणे बोलावलेत. झालं ते झालं.”

“त्यात लिंबाजी मामांचं नाव आहे.”

“लिंबाजी काही म्हणला का? तक्रार केली का त्यानं?”

“नाही.”

“मग? सभासद मला विचारणार, यंत्र चुकीचं होतं तर तुम्ही आतापर्यंत आम्हाला काय दाखवायला लागले होते?”

“यंत्र चुकीचं नव्हतं. मी चुकीचं सांगितलं त्याला.”

भुजंगरावांनी कागद पालथा ठेवला, त्याच्यावर काचेचं वजन ठेवलं. “हे वाचून दाखवलं तर मग तुम्हालाही ठेवता येणार नाही,” ते म्हणाले, आणि त्यात धमकी नव्हती, ते तिला एक माहिती देत होते. “तुमचं तुम्ही बघा. मी सांगितलं नाही असं नको.” ती हो म्हणाली. बाहेर येऊन तिनं जुना मध्यबिंदू पुसून टाकला, कांडी सातच्या द्रावणात धरली आणि घड्याळ लावून दोन मिनिटं उभी राहिली. दोन मिनिटं फार मोठी होती. आकडा थांबला, तिनं बटण दाबलं, आणि या वेळी पडद्यानं मुकाट मान्य केलं.

दुसऱ्या दिवशी ताडकळसचा बाजार होता. परभणी स्टँडवरून बसलेली बस पिशव्यांनी, कोंबड्यांच्या पाट्यांनी भरलेली होती, आणि खिडकीच्या गजाला हात लागला की चटका बसत होता. काय बोलायचं ते ती वाक्यं जुळवून पाहत होती. ती सगळी जुळत होती, गुळगुळीत होती, आणि तिला कळत होतं की ती वाक्यं म्हणताना आपल्याला काहीही वाटणार नाही. एखाद्याची क्षमा मागायला जावं आणि सोबत न्यायला आतून काहीच नसावं, हे त्याला दिसेल का, असा विचार तिला पुन्हा पुन्हा येत होता. उतरल्यावर दोरखंड विकणाऱ्या एका बाईला तिनं लिंबाजीचं घर विचारलं. बाईनं वर पाहिलं. “कोणता? मासे मारलेला लिंबाजी का? तिकडं बसतंय बगा, पंप नीट करायलंय.” बाईनं ते सहज म्हटलं होतं, गावात दोन लिंबाजी असतील तर एकाला ओळखायची खूण म्हणून.

तो बाजाराच्या कडेला ताडपत्रीखाली बसला होता. पुढ्यात फवारणीचे चार-पाच पंप उघडून ठेवलेले, आणि पेरणीच्या आधी आपला पंप नीट करून घ्यायला आलेली सात-आठ माणसं उकिडवी बसलेली. शेजारी त्याची बायको मालनबाई भाकरीचं फडकं सोडत होती. राजेश्रीला पाहून लिंबाजीनं हातातला वॉशर खाली ठेवला नाही. “बाई,” तो म्हणाला. “इकडं कुणीकडं?”

“तुमच्याकडंच आले, मामा.” ती खाली बसली. तापलेली जमीन साडीतून लागली. बसमध्ये जुळवलेल्या वाक्यांतलं एकही तिला सापडेना, तेव्हा तिनं जसं झालं तसं सांगितलं. कांडी द्रावणात धरायची, थांबायचं, मग बटण दाबायचं; तिनं थांबायच्या आधी दाबलं. त्यामुळे पाण्याचा आकडा एकानं खाली दिसत होता. पाणी चांगलं होतं तेव्हा तिनं चुना टाकायला लावला, आणि बिघडलं तेव्हा ते चांगलं आहे म्हणाली. पंपांची माणसं ऐकत होती.

“म्हंजे कांडी खोटं बोलायली होती,” लिंबाजी म्हणाला.

“कांडी नाही. मीच तिला खोटं सांगितलं.”

“किती थांबाया पायजे होतं?”

“दोन मिनिटं. मी वीस सेकंद थांबले.”

“कामून?”

“माहीत नाही,” ती म्हणाली. “घाई नव्हती. काही झालं नव्हतं त्या दिवशी. मी खूप आठवून पाहिलं.”

मालनबाईनं फडक्याची गाठ पुन्हा बांधून टाकली. “आन् आमचं काय?” ती म्हणाली. तिचा आवाज चढला नव्हता. “जयंतीच्या मिरवणुकीला गेले न्हाईत हे औंदा. घरातच बसले. पोरीच्या सासरी गेलो तर व्याही हसून म्हणतेत, मामाच्या हातचं पाणी पिऊ नगा, मासे मेले. हसून म्हणतेत. काय करावं मानसानं?”

राजेश्रीनं पिशवीतून पत्र काढलं, शिक्क्याची प्रत. लिंबाजीनं हात टॉवेलला पुसले, कागद घेतला, लांब धरून पाहिला आणि परत दिला. “चष्मा घरी हाय. वाचा तुमी.” तिनं वाचलं. तारीख, वेळ, आकडे, आणि शेवटी: दिनांक पाच मार्चच्या अहवालात श्री. लिंबाजी यांच्यावर ठेवलेला ठपका निराधार असून माशांच्या मृत्यूस मी स्वतः जबाबदार आहे. ती सभेत आलेख वाचून दाखवत होती तसाच तिचा आवाज लागला, सरळ, स्वच्छ, आणि तो तिला स्वतःलाच ऐकवेना. वाचून झालं. एका माणसानं पंपाचा दांडा उगीच वर-खाली केला.

“ते न्हाई लिवलं यात,” लिंबाजी म्हणाला.

“काय, मामा?”

“तुमी मीटिंगमधी म्हणल्या ते.”

“मी आलेख दाखवला फक्त.”

“दाखवला. आन् बसता बसता म्हणल्या, ‘यांना मोजता येत नाही.’ असं. माज्याकडं बगितलं बी न्हाई. भिताडाकडं बगून म्हणल्या.”

“मी असं म्हणाले?”

“म्हणल्या,” तो म्हणाला. “समदे हसले तवा. तीस वरसं कालव्याच्या दारावर पाटकरी होतो मी, बाई. रोज सकाळी फूटपट्टीवर पाणी वाचायचं आन् वहीत लिवायचं. एक बोट इकडं-तिकडं झालं तर खालच्या तीन गावांत कुऱ्हाडी निगायच्या. एकदा बी निगाल्या न्हाईत. मासे मेले ते मेले. ते तुमच्या हातनं होऊ द्या न्हाईतर माज्या. पर हे तुमी बोललात ना, त्या दिसापासून चमच्यानं साखर घ्यायची म्हणलं तरी हात थांबतोय माजा.”

आणि तेव्हा तिला ते दिसलं. सतरंजीची निळी किनार, पंख्याची घरघर, आणि खाली बसताना गुडघ्याला लागलेली कळ. कळ आली म्हणून ती वैतागली होती आणि त्या वैतागात ते वाक्य तोंडातून गेलं होतं, अंगावरची माशी हाकलावी तसं. मागं हशा झाला होता तो कशाला झाला, हेही तिनं तेव्हा पाहिलं नव्हतं. दोन-अडीच महिने ते वाक्य या माणसाच्या घरात राहत होतं, त्याच्या चमच्यात, आणि तिच्याकडे त्याची साधी नोंदही नव्हती.

तिनं पिशवीत पेन शोधलं. बोटं आतल्या डब्याला, चाव्यांना, चष्म्याच्या घराला लागत राहिली. शेवटी उकिडव्या बसलेल्यांपैकी एकानं आपल्या खिशातलं पेन पुढं केलं. तिनं कागद गुडघ्यावर ठेवला आणि सहीच्या खाली मोकळ्या जागेत लिहायला लागली. कागदाखाली टेकू नव्हता, अक्षरं वाकडी येत होती, एका जागी पेनानं भोक पडलं. सभेत मी म्हणाले की लिंबाजी यांना मोजता येत नाही. हे खोटं होतं. मोजायला मी चुकले. तिनं खाली पुन्हा सही केली आणि तारीख घातली.

“वाचा,” लिंबाजी म्हणाला.

तिनं वाचलं. ताडपत्रीच्या कडेला आता आणखी माणसं येऊन थांबली होती. हातात भाजीच्या पिशव्या, कुणाच्या कडेवर मूल. दोरखंडवाली बाईसुद्धा उठून आली होती. लिंबाजीनं मान वळवून त्या सगळ्यांकडे पाहिलं, सावकाश, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत.

“मागच्यांला ऐकू न्हाई गेलं,” तो म्हणाला. “उभं ऱ्हाऊन वाचा. मोठ्यानं.”

ती उठली. तिनं कागद दोन्ही हातांनी धरला. पहिलं वाक्य तिनं वाचलं, दुसऱ्यातला ‘खोटं’ हा शब्द बाहेर आला तो तिच्या ओळखीच्या नसलेल्या आवाजात. मूल रडायला लागलं, कुणीतरी त्याला गप्प केलं. लिंबाजीनं तिला थांबवलं नाही, की पाण्याचा तांब्या पुढं केला नाही. तो वॉशर मुठीत धरून ऐकत होता. ती सुरुवातीपासून पुन्हा वाचायला लागली.